स्वस्त गाडीने महागड्या गाडीला मागे कसं टाकायचं? रेसिंग गेममधल्या ट्यूनिंगचं गणित

रेसिंग गेममध्ये लागोपाठ दोन-तीन शर्यती हरलात की स्क्रीनवर ऑफर झळकते: नवी कोरी सुपरकार, इतके रुपये, फक्त आजच्यासाठी. घाईघाईत खरेदीचं बटण दाबलं जातं आणि खरे पैसे जातात. पण बऱ्याच वेळा गॅरेजमधली गाडी पुरेशी असते, फक्त ती नीट ट्यून केलेली नसते. ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय आणि त्याने स्वस्त गाडी पुढे कशी जाते, ते आपण दोन गेमच्या आधारे पाहू. सरळ रस्त्याच्या शर्यतीसाठी मोबाइलवरचा ‘सीएसआर रेसिंग २’ आणि वळणांच्या शर्यतीसाठी पीसी व एक्सबॉक्सवरचा ‘फोर्झा होरायझन ५’.

अपग्रेड आणि ट्यूनिंग यात फरक काय?

अपग्रेड म्हणजे जुना भाग काढून चांगला भाग बसवणं. इंजिन, टर्बो, टायर, गिअरबॉक्स वगैरे. त्यासाठी गेममधले पैसे लागतात. ट्यूनिंग म्हणजे आहेत त्याच भागांची जुळवाजुळव. टायरमधली हवा किती ठेवायची, गिअरचं गुणोत्तर किती, नायट्रो जोरात पण थोडा वेळ की हळू पण जास्त वेळ, हे ठरवणं. ट्यूनिंगमध्ये एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावं लागतं. म्हणून ‘सगळ्यात भारी सेटिंग’ अशी काही गोष्ट नसते. अमुक गाडीला, अमुक अंतरासाठी योग्य सेटिंग असते.

महागडी गाडी कशात महाग असते?

मुख्यतः ताकदीत. पण ताकद आणि शर्यतीचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा गाडीचं वजन १५०० किलो आणि ताकद ४०० हॉर्सपॉवर आहे. टायरची पकड साध्या चांगल्या टायरइतकी धरली, तर सुमारे ७० किमी वेगापर्यंत ही सगळी ताकद रस्त्यावर उतरूच शकत नाही. चारही चाकांना ताकद मिळत असली तरी नाही. जास्तीची ताकद फक्त चाकं जागेवर फिरवते. दोनच चाकांना ताकद मिळत असेल तर परिस्थिती आणखी वाईट. म्हणजे या वेगापर्यंत ८०० हॉर्सपॉवरची गाडी ४०० वालीपेक्षा जोरात पळत नाही. चांगले टायर असलेली पळते.

दुसरी गोष्ट वजनाची. १५०० किलोच्या गाडीत ६०० हॉर्सपॉवर असतील तर टनामागे ४०० पडतात. १००० किलोच्या गाडीत ४२० असतील तर टनामागे ४२०. हलकी गाडी कागदावर कमी ताकदीची दिसते, पण वेग पकडताना तीच पुढे असते.

सरळ शर्यत: सीएसआर रेसिंग २

२०१६ मध्ये आलेला हा ड्रॅग रेसिंगचा गेम. पाव मैल किंवा अर्धा मैल, म्हणजे साधारण ४०२ किंवा ८०५ मीटर सरळ पळायचं. स्टिअरिंग नाहीच. त्यामुळे सुरुवात, गिअर बदलण्याची वेळ आणि ट्यूनिंग यांवरच सगळा खेळ. ट्यूनिंगमध्ये तीन स्लायडर मिळतात.

१) फायनल ड्राइव्ह: इंजिनाचा जोर चाकांपर्यंत किती पटीने पोहोचणार, ते हा आकडा ठरवतो. समजा तो ३.५० वरून ४.०० केला. प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे १४ टक्के जास्त जोर मिळेल. पण ज्या गिअरमध्ये गाडी २४० पर्यंत जायची, तो गिअर आता २१० लाच संपेल. अंगठेनियम सोपा आहे. फिनिश लाइन ओलांडताना गाडी शेवटच्या वापरलेल्या गिअरमध्ये लाल पट्ट्याच्या जवळ असावी. शेवटचा गिअर जेमतेम लागला आणि शर्यत संपली, तर आकडा बदलून पाहा. शर्यत संपण्याआधीच सुई लाल पट्ट्यात अडकली, तर आकडा कमी करा. पाव मैलाची सेटिंग अर्ध्या मैलाला चालेलच असं नाही.

२) नायट्रो: एका टोकाला जोर, दुसऱ्या टोकाला वेळ. इथे तत्त्व असं की सुरुवातीला कमावलेला वेग उरलेलं सगळं अंतर कामाला येतो, शेवटी कमावलेला वेग फक्त शेवटी. म्हणून नायट्रो लवकर वापरलेला फायद्याचा. पण चाकं घसरत असताना दाबला तर वाया जातो. घसरणं थांबलं की लगेच दाबा.

३) टायरची हवा: सुरुवातीची पकड आणि पुढचा वेग यांच्यातली ही तडजोड. आधी चाकं घसरणार नाहीत इतकी पकड मिळवा, मग दुसऱ्या बाजूला थोडं थोडं सरका.

वळणांची शर्यत: फोर्झा होरायझन ५

या गेममध्ये प्रत्येक गाडीला परफॉर्मन्स इंडेक्स, म्हणजे पीआय नावाचा एक आकडा असतो. त्यावरून वर्ग ठरतात: डी ५०० पर्यंत, सी ६००, बी ७००, ए ८००, एस१ ९०० आणि एस२ ९९८ पर्यंत. भाग वाढवले की सहसा पीआय वाढतो. ए वर्गाच्या शर्यतीत जुनी छोटी माझदा एमएक्स-५ सुद्धा ८०० पर्यंत वाढवून आणता येते. शर्यतीच्या दारात गाडीची किंमत कोणी विचारत नाही, पीआय विचारतात. प्रश्न एवढाच उरतो की ते पॉइंट तुम्ही कुठे खर्च केलेत.

इथे छोटं गणित करू. ५० मीटर त्रिज्येचं काटकोनी वळण आहे. साध्या पकडीच्या टायरवर गाडी ते सुमारे ८० किमी वेगाने घेऊ शकते. पकड २० टक्के वाढली तर सुमारे ८७ किमी वेगाने. एका वळणात वाचले साधारण ०.३ सेकंद. अशी दहा वळणं असली की तीन सेकंद. या हिशेबात हॉर्सपॉवर कुठेच आलेली नाही.

म्हणून वळणांच्या ट्रॅकसाठी खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी टायर, मग वजन कमी करणं, मग ब्रेक आणि सस्पेन्शन, आणि उरलेल्या पॉइंटमध्ये ताकद. बहुतेक जण उलटं करतात. सगळे पॉइंट इंजिनात घालतात आणि पहिल्याच वळणावर गाडी गवतात जाते.

भाग बसवल्यावर गाडी कशी वागते ते बघून ट्यूनिंग करा:

- वळताना गाडीचं नाक बाहेर पळतं, गाडी वळतच नाही: पुढचा अँटी-रोल बार थोडा मऊ करा किंवा मागचा कडक करा.
- मागची बाजू सुटते, गाडी गोल फिरते: याच्या उलट करा.
- ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होतात: ब्रेकचा दाब कमी करा.
- सरळ रस्त्यावर इंजिन लाल पट्ट्यात अडकतं: फायनल ड्राइव्हचा आकडा कमी करा.

चाचणी कशी घ्यायची?

एका वेळी एकच गोष्ट बदला, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. तीन स्लायडर एकदम हलवले आणि वेळ सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कळणारच नाही. पद्धत अशी:

- मूळ सेटिंगवर तीन धावा करा आणि तिन्ही वेळा फोनच्या नोट्समध्ये लिहा.
- एक स्लायडर थोडा हलवा, पुन्हा तीन धावा.
- तिन्ही धावांत फरक दिसला तर सेटिंग ठेवा. एकाच धावेत दिसला तर तो बहुधा तुमच्या बोटाचा फरक आहे, गाडीचा नाही.
- मगच पुढचा स्लायडर.

इंटरनेटवर मिळणारी तयार सेटिंग सुरुवातीला वापरायला हरकत नाही. पण तुमच्या गाडीवर तेच भाग बसवलेले नसतील, तर तिचे आकडे तुम्हाला लागू होणार नाहीत.

ट्यूनिंग कुठे पुरत नाही?

लांबलचक सरळ रस्ता असेल तर शेवटी ताकदच जिंकते, कारण जास्त वेगात हवेचा विरोध भयंकर वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद आठपट. तसंच समोरच्यानेही आपली महागडी गाडी नीट ट्यून केली असेल, तर सगळे स्लायडर हलवूनही फरक भरून निघणार नाही. अशा वेळी शर्यत बदला: छोटं अंतर, जास्त वळणं किंवा आपल्याच वर्गातली शर्यत निवडा.

पैसे देण्याआधी एवढं तपासा

गाडी सुरुवातीला घसरते का? फिनिश लाइनला योग्य गिअरमध्ये असते का? वळणावर पकड सुटते का? यातल्या एकाचंही उत्तर गडबडीचं असेल, तर अडचण ट्यूनिंगने सुटण्यासारखी आहे. ती न सोडवता नवी गाडी घेतली, तर तीही तशीच घसरेल. आणि फोन घरच्यांचा असेल किंवा खातं त्यांच्या कार्डाला जोडलेलं असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा. मग हरल्याच्या रागात बटण दाबलं गेलं, तरी विचार करायला एक क्षण मिळतो.