हृदयविकाराचा रक्तातील साक्षीदार

१/ १९८९ साली यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला वसंतराव नाईकांचे नाव लाभले. त्याच वर्षी जर्मनीतील हायडेलबर्गच्या ह्यूगो काटुस यांनी सहकाऱ्यांसह ‘ट्रोपोनिन टी’ची रक्तचाचणी प्रसिद्ध केली. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान तिने बदलून टाकले.

२/ हृदयाची धमनी गुठळीने बंद झाली की स्नायूपेशी मरू लागतात आणि त्यांतील द्रव्ये रक्तात झिरपतात. या चाचण्यांचा इतिहास म्हणजे त्या द्रव्यांचा माग.

३/ पहिला माग १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये लागला. लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कार्मेन यांनी झटक्यानंतर एसजीओटी हे एन्झाइम रक्तात वाढते, असे दाखवले. आज लॅबच्या रिपोर्टात यकृताच्या तपासणीखाली दिसणारे हेच नाव! उणीवही तीच : ते यकृतातही असते, आणि झटक्यानंतर वाढायला बरेच तास घेते.

४/ मग सीके आले. पण अंगमेहनतीनेही ते वाढते. दिवसभर कापसाच्या शेतात राबलेल्या मजुराच्या बाबतीत एकटे सीके फसवू शकते. १९७०च्या दशकात हृदयाकडे अधिक नेमका निर्देश करणारे सीके-एमबी रूढ झाले.

५/ ट्रोपोनिन हे स्नायूचे आकुंचन नियंत्रित करणारे प्रथिन. हृदयातील त्याचे रूप हातापायांच्या स्नायूंतील रूपाहून वेगळे असते. चाचणी नेमका तोच फरक ओळखते. २००० साली युरोप-अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी झटक्याच्या व्याख्येतच त्याला मध्यवर्ती स्थान दिले. पूर्वी निसटणारे लहान झटकेही आता मोजले जाऊ लागले. म्हणून २०००च्या आधीचे आणि नंतरचे आकडे थेट ताडून पाहणे धोक्याचे.

६/ तरीही हा साक्षीदार उशिरा बोलतो. जुन्या ट्रोपोनिन चाचण्यांत वाढ दिसायला ३ ते ६ तास लागत. नव्या अतिसंवेदनशील चाचण्यांत त्याहून कमी. त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे धोका टळला असे नव्हे. काही तासांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

७/ ईसीजीत झटका स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टासाठी उपचार थांबवायचे नसतात. गुठळी विरघळवणारे औषध जितके लवकर, तितका स्नायू वाचतो. उमरखेड किंवा झरी-जामणीहून यवतमाळ गाठण्यातच मोलाचा वेळ जातो. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून घरी काढलेली रात्र त्यात मिळवली, तर सत्तर वर्षांच्या संशोधनाने वाचवलेले तास तिथेच खर्ची पडतात.