एक रत्तल आणि अर्धा आणा : १८७७ च्या मजुरीकपातीचा हिशेब

दौंडहून मनमाडकडे जाणारी गाडी विसापूर, सारोळा मागे टाकत नगरकडे येते. या मार्गाने मी आयुष्यभर प्रवास केला, पण रुळांखालची माती कोणी टाकली हा प्रश्न चाळिशी उलटेपर्यंत मला पडला नव्हता. उत्तर जुन्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये मिळाले. १८७८ साली सुरू झालेल्या या लोहमार्गाच्या मातीकामाला दुष्काळी मजूर लावले होते. त्यांच्या मजुरीची नोंद वाचता वाचता सरकारी काटकसरीच्या भाषेचा एक जुना नमुनाच हाती लागला. तो आजही उपयोगी पडावा, म्हणून हा लेख.

१८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये फसला. नगर, पुणे, सोलापूर भागांत सरकारने कामे काढली. सुरुवातीला पुरुषाला दिवसाला दोन आणे मिळत. धान्य महागले तेव्हा नोव्हेंबरात नवा दर आला : एक रत्तल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्याची किंमत आणि वर एक आणा. जानेवारी १८७७ मध्ये तो वरचा आणा अर्धा झाला. बाईची मजुरी त्याहून कमी.

अर्धा आणा म्हणजे किती? रुपयाला सोळा रत्तल धान्य मिळते असे धरू. मग एक रत्तलाला एक आणा पडतो. आधीची मजुरी दोन आणे, नंतरची दीड. म्हणजे सरळ चौथाई कपात. उरलेल्या दीड आण्यात दिवसभर खडी फोडणाऱ्याचे पोट, मीठमिरची, सरपण आणि घरी बसलेल्या म्हाताऱ्याचा घास, सगळे भागवायचे. त्याच महिन्याच्या १ तारखेला दिल्लीत व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित करणारा दरबार थाटात भरला होता.

ही कपात सुचवली सर रिचर्ड टेंपल यांनी. व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना दुष्काळी भागांत खास अधिकारी म्हणून धाडले होते. हेच टेंपल १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून लोक वाचवणारे. तेव्हा माणसे फारशी मेली नाहीत, पण खर्च फार झाला म्हणून टीका झाली. तो ठपका पुसण्याची संधी त्यांना दख्खन आणि मद्रासमध्ये मिळाली. मात्र कपातीला कपात म्हटले गेले नाही. तिला नाव मिळाले ‘प्रयोग’. एवढ्या अन्नावर माणूस काम करू शकतो का, हे पाहायचे होते. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी हे अन्न कष्टकऱ्याला पुरणार नाही असे ठणकावले आणि त्याच वर्षी मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली.

इकडे दख्खनमध्ये हजारो मजूर काम सोडून उठून गेले. त्यातच गावाजवळची छोटी कामे बंद करून लोकांना दूरच्या मोठ्या कामांवर धाडण्याचे धोरण आले होते. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. यावर सरकारी बाजूचा युक्तिवाद असा, की जे गेले त्यांना खरी गरज नव्हतीच. मजुरी उतरवल्याने गरजू आणि बिनगरजू वेगळे झाले. हजेरीपटावरची संख्या घटली, म्हणजे गरज घटली! आधी दार अरुंद करायचे, मग आत कमी लोक आले म्हणून बाहेर कोणी नाही असे सांगायचे.

पुढचा अध्याय पैशाचा. १८७८ मध्ये अर्थखात्याचे सर जॉन स्ट्रॅची यांनी पुढच्या दुष्काळांसाठी दरवर्षी दीड कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. त्यासाठी व्यापारी आणि धंदेवाल्यांवर लायसन्स टॅक्स बसला. त्याविरुद्ध सुरतेत दंगल झाली. हा पैसा दुष्काळासाठीच, असा विश्वास लिटन यांनी दिला होता. वर्ष संपायच्या आत दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. पुढच्या अंदाजपत्रकात दुष्काळाची तरतूद मागे पडली, कर मात्र राहिला. मग खुलासा आला, की वेगळा निधी असा कधी नव्हताच. त्याच १८७९ मध्ये लँकेशायरच्या गिरणीवाल्यांसाठी जाड्याभरड्या विलायती कापडावरील जकात माफ झाली, तीही लिटन यांनी आपल्याच कौन्सिलातल्या बहुमताला डावलून. युद्धाचा खर्च सुमारे साठ लाख पौंड सांगितला होता. तो जवळजवळ तिप्पट निघाला.

न्यायाने सांगायचे तर तिजोरी खरोखर अडचणीत होती. चांदी उतरल्याने रुपयाची किंमत घसरत होती आणि इंग्लंडातली देणी सोन्यात भागवायची होती. दुष्काळी कामांवर गैरप्रकारही होत असणार. काटकसर करणे हा गुन्हा नाही. पण ‘पैसा कमी आहे, आणि आम्ही तो युद्धाला देणार आहोत’ असे उघड सांगितले असते तर त्यावर वाद घालता आला असता. ‘प्रयोग’ या शब्दाशी वाद कसा घालणार? ब्रिटिश हद्दीत या दुष्काळाने पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली, असा अंदाज पुढे सरकारनेच नेमलेल्या दुष्काळ आयोगाचा आहे.

त्या आयोगाच्या १८८० च्या अहवालातून दुष्काळ संहिता आल्या. नियम कागदावर आले की ते मागता येतात. १८९६ च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांना तेच सांगत फिरले. या वाटेवरचा पुढचा मोठा टप्पा म्हणजे महाराष्ट्राची रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात रुजली. तिचा कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. लायसन्स टॅक्सनंतर सुमारे शंभर वर्षांनी मागेल त्याला काम हा हक्क झाला. या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. नोकरदारांच्या पगारपत्रकावर तो आजही दिसतो : बहुतेकांना दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. तो कशासाठी सुरू झाला, हे आपल्यापैकी किती जणांना आठवते?

म्हणून वाचकांना एवढीच विनंती. कुठल्याही पक्षाचे सरकार असो, खर्च कमी झाल्याची बातमी आली की दोन प्रश्न विचारावेत. मागणारे कमी झाले, की मागणे अवघड केले? आणि ज्या नावाने कर घेतला, त्या नावावर किती खर्च पडला? अर्थसंकल्पाच्या पुस्तकात अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे आकडे असतात. भाषण पहिल्या आकड्याचे होते. रत्तलाचा हिशेब शेवटच्या आकड्यात सापडतो.