अपघातातला ‘घात’

15 जून 2025, रविवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास इंदुरीजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी साकव कोसळला. 4 जण गेले, 50 च्या वर जखमी झाले. त्या वेळी साकवावर शंभरहून जास्त माणसं होती आणि काहींनी बाइकही वर घातल्या होत्या. (पिंपरी-चिंचवडमधल्या कुणाला कुंडमळा कुठे ते सांगायला नको. लोणावळ्याच्या ट्रॅफिकला कंटाळलेल्यांचा हक्काचा ऑप्शन.)

आता याला काय म्हणायचं? इंग्रजीत लगेच ‘ॲक्सिडेंट’ म्हणून मोकळं होता येतं. मराठीत तो शब्द आपण घेतला खरा, पण घेताना छाटून घेतला. ‘अरे, त्याचा ॲक्सिडेंट झाला’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘गाडी कुठली होती?’ पूल पडला तर आपण सहसा ॲक्सिडेंट म्हणत नाही. मग पेपर आणि सरकार ‘दुर्घटना’ काढतात. वाईट घटना. घडली. कुणी घडवली, हे त्या शब्दाला विचारायचंच नाही.

मला यात खरी गंमत वाटते ती आपल्या ‘अपघात’ या शब्दाची. ॲक्सिडेंटचं मूळ लॅटिन, अर्थ ‘येऊन पडणं’. आकाशातून पडावं तसं! हॉस्पिटलमधली ‘कॅज्युअल्टी’ही त्याच ‘पडणे’ धातूची लेक. अपघातात मात्र ‘घात’ आहे, म्हणजे मारणं. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थच ठार करणं, अनैसर्गिक मरण असा आहे. विश्वासघात, आत्मघात, घातपात... घात म्हटला की तो करणारा कुणीतरी असतोच. म्हणून तर ‘अपघात की घातपात?’ हा मथळा मराठी पेपरांना इतका प्रिय. इंग्रजीत ही कोटी होणं अवघड आहे.

मावळाला हा प्रश्न काही नवा नाही. इंग्रजांनी भोर घाटातून रेल्वे नेली, 1863 मध्ये मार्ग सुरू झाला. चारच वर्षांत, 1867 च्या पावसाळ्यात, घाटातला ‘महू की मल्ली’चा दगडी पूल ढासळला. पाऊस तेव्हाही होता, पण बोट दाखवलं गेलं ते निकृष्ट दगडकामाकडे. गाड्या नव्या, घाट नवा, त्यामुळे ‘ॲक्सिडेंट’ शब्दही तेव्हा नवाच असणार इथे. कायद्यात तो आधीच येऊन बसला होता. अपघाती मृत्यूंच्या भरपाईचा कायदा 1855 चा, म्हणजे ठाण्याला पहिली गाडी गेल्यावर दोनच वर्षांनी.

आणि 1860 चं पिनल कोड. त्याचं कलम 80 प्रत्येकाने एकदा वाचावं असं आहे. अपघाताने किंवा दुर्दैवाने झालेली गोष्ट गुन्हा नाही, असं ते सांगतं. पण लगेच अटी येतात. काम कायदेशीर हवं, कायदेशीर रीतीने केलेलं हवं, मनात गुन्हा नको, आणि ‘योग्य काळजी व सावधगिरी’ घेतलेली हवी. आमच्या भाषेत सांगायचं तर खाली टर्म्स अँड कंडिशन्स आहेत! काळजी घेतली नसेल तर कायद्याच्या हिशेबात तो अपघात राहत नाही. भारतीय न्याय संहितेत (1 जुलै 2024 पासून) हेच कलम 18 झालं, आणि निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची जास्तीत जास्त शिक्षा साधारणपणे 2 वर्षांवरून 5 वर्षांवर गेली.

कुंडमळ्याचा साकव सुमारे 30 वर्षांचा. तो धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. नव्या पुलासाठी पैसेही मंजूर झाले होते. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘येऊन पडणं’ हा अर्थ काही बसत नाही.

पुणेकरांनी तर याहून भारी काम केलंय. 12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. पुरतं बांधून व्हायच्या आधीच त्यात पावसाळ्याचं पाणी साठलं होतं. जवानांनी वाळूची पोती रचून ते काही तास थोपवून धरलं म्हणून अनेक जीव वाचले. मग खडकवासलाही फुटलं आणि निम्मं पुणं पाण्याखाली. पण आजही आजी-आजोबांच्या तोंडी काय आहे? ‘पानशेतचा पूर’. धरण फुटलं आणि नाव पडलं पुराचं! जणू मुठेनेच मनावर घेतलं होतं. आपण सगळे तसंच म्हणतो, मीही.

जगात लोकांनी यावर डोकं लावलेलं आहे. 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने ‘ॲक्सिडेंट’ शब्द आपल्या पानांवरून हद्दपार करायचं ठरवलं. कारण, बहुतेक इजा आधी ओळखता येतात आणि टाळताही येतात. आमच्या हापिसात सर्व्हर झोपला की ‘इन्सिडेंट’ उघडतात आणि ‘रूट कॉज’ लिहिल्याशिवाय तो बंद करता येत नाही. ‘नशीब’ असा पर्याय त्या ड्रॉपडाउनमध्ये नाही, मी बघितलंय.

असो. कुंडमळ्याला मदत लवकर पोचली, याचं एक कारण म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन इंदुरीच्या शेजारी सुदुंबऱ्यालाच आहे. मृतांच्या वारसांना 5 लाख रुपये जाहीर झाले. घोषणेतला शब्द अर्थातच ‘दुर्घटना’.