गालातली गोळी आणि गालातला खर्रा

माझी नोकरी सरकारी दवाखान्यात औषध वाटपाच्या खिडकीमागे गेली. सुरुवातीला सगळा चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्हाच होता, १९८२ साली तो फुटला आणि आम्ही गडचिरोलीवाले झालो. खिडकीपुढच्या माणसाचा एक गाल मात्र दोन्हीकडे तसाच, फुगलेला. "गोळ्या कशा घ्यायच्या, सांगा बरं," म्हटलं की तो आधी बाहेर जाऊन थुंकून यायचा. मग उत्तर.

खर्रा पानठेल्यावर होतो. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालायचा आणि ओलसर होईस्तोवर घोटायचा. त्यातला चुना चवीपुरता नाही. चुन्यानं तोंडातला रस अल्कधर्मी होतो आणि तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात उतरतं. पोट नाही, यकृत नाही. गालात दाबून ठेवला की बराच वेळ झिरपत राहतं. औषधशास्त्राला हे गणित पुस्तकात मांडायला फार वेळ लागला.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आली. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगनं ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेली. त्याआधीही गाल रिकामे नव्हते. विडा होता, आणि तोंडाच्या विकारांवर वैद्यांची खदिरादि गुटिका होती, तोंडात धरून चघळायची. तिच्यातला खैर आमच्या जंगलातलाच.

विलायतेत विल्यम मरेल या डॉक्टरनं नायट्रोग्लिसरिनच्या बाटलीचं बूच जिभेला लावून पाहिलं. डोकं ठणकलं, नाडी धडधडली. १८७९ साली त्यानं छातीच्या कळेवर ते औषध सुचवलं. आज हृदयरोगी जिभेखाली गोळी ठेवतो ती त्याच वाटेनं आली. पण जिभेखालची गोळी लवकर विरते. औषध तासन्‌तास पुरायचं तर ते चिकटून राहायला हवं. १९४७ साली कवळी बसवायच्या चिकट भुकटीत ट्रॅगाकँथ डिंक मिसळून पेनिसिलिन तोंडात टिकवण्याचा प्रयोग झाला. पुढं जपानात तोंडातल्या छाल्यांसाठी गालाला चिकटणारी गोळी निघाली. ओल लागली की फुगते, चिकटते, औषध सावकाश सोडते.

ट्रॅगाकँथला स्वस्त पर्याय म्हणून जगभर चाललेला कराया डिंक कढई नावाच्या झाडाचा. उन्हाळ्यात पानं झडून पांढरंफटक उभं राहणारं हे झाड आमच्या रानातही आहे. संशोधकांनी याच डिंकाच्या चिकट गोळ्यांत निकोटिनसुद्धा भरून पाहिलं, तंबाखू सोडवण्यासाठी! त्याआधी १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये निकोटिनचं च्युइंगगम मंजूर झालं होतं. पाणबुडीतल्या खलाशांना आत सिगारेट ओढता येत नाही, तिथून ती कल्पना निघाली. त्यातही अल्कधर्मी क्षार घालतात. पानठेलेवाल्याच्या चुन्याचंच काम ते.

फरक सुपारीचा आहे. सुपारीनं गालाची आतली त्वचा कडक होते, दोरखंडासारखे पट्टे येतात आणि जबडा उघडेनासा होतो. १९५२ साली श्वार्ट्झनं पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांत आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी या आजाराची नोंद केली. पुढं त्यातून कर्करोगही होऊ शकतो. आमच्या खिडकीशी विशी-बाविशीची पोरं यायची, चमचा आडवा जात नसे. छाल्यावरची गोळी बोटानं गालाला चिकटवायची असते, आणि ह्यांच्या तोंडात बोटच शिरत नाही. औषध असून द्यायचं कसं?

२०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली. गुटख्याला निदान कारखाना असतो, पुडीवर नाव असतं. खर्रा गिऱ्हाईकापुढं घोटून दिला जातो, धाड घालणार कुठं? म्हणून २०१६ पासून गडचिरोलीत 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेनं गावालाच पुढं केलं, तेच मला पटतं. गावानं ठरवलं तर ठेलेवाला ऐकतो, कारण तो गावातलाच असतो.

वाचकहो, तुमच्या घरात खर्रा खाणारा कुणी असेल तर त्याला आरशासमोर उभं करा. आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का, ते पाहायला सांगा. जात नसतील तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या.