हस्तरचं कूळ

वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळात यादवकाळातले शिलालेख आहेत. तिथल्या देवाचं जुनेपण दगडावर वाचता येतं. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) पाहून आलेले मात्र विचारत राहतात, त्यातला हा हस्तर नावाचा राक्षस कोणत्या पुराणातला? कोणत्याच नाही. त्याचं कूळ कथालेखकांचं आहे, आणि मूळपुरुष चांगला सात्त्विक निघतो.

1891 मध्ये अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकानं हाइता नावाच्या मेंढपाळ पोराची कथा लिहिली. त्यातला हस्तुर हा मेंढपाळांचा देव. पोरानं साकडं घातलं म्हणून पुराचं पाणी समुद्राकडे वळवणारा. रॉबर्ट चेंबर्सनं 1895 साली हे नाव उचललं आणि एका कथेत ससाणे सांभाळणाऱ्या चाकराला दिलं. भयकथाकार लव्हक्राफ्टनं 1931 मध्ये भीतिदायक नावांच्या मांदियाळीत त्याचा नुसता उल्लेख केला. ऑगस्ट डर्लेथनं त्याला पुरता राक्षस बनवलं.

स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ (1984) या कथेत घरात एकटा नातू आणि चेटूक जाणणारी, अंथरुणाला खिळलेली आजी आहे. तिला निजवायचं ते हस्तुरचं नाव घेऊन. नारायण धारपांनी ही कल्पना ‘आजी’ कथेत मराठी घरात आणली आणि तिथून ती ‘तुंबाड’च्या पूर्वार्धात उतरली. उसन्या कल्पनेवरून धारपांना बोल लावणारे भेटतात. मला ते पटत नाही. ज्या कुशीत पोरानं अंधाराला घाबरून शिरावं, तिथेच अंधार बसवायचा, हे सोपं काम नव्हे.

‘तुंबाड’नं या कुळात भूक आणली. हस्तर पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा. सोनं त्यानं घेतलं. धान्याला हात घालणार तोच इतर देव तुटून पडले. म्हणून लंगोटीत मोहरा आणि पोट कायम रिकामं. त्याला भुलवायला कणकेची बाहुली पुरते. हाव आणि उपासमार एकाच देहात कोंबलेलं असं पात्र आधीच्या कोणत्याही पिढीत नाही.

तरी मूळपुरुषाच्या कथेत बीज होतंच. हाइताला रानात एक सुंदर मुलगी भेटते. ती म्हणजे सुख. तिला कायमची धरून ठेवायचा विचार मनात आला, की ती दिसेनाशी होते. ‘तुंबाड’चा नायक विनायकरावही थोडक्यावर थांबत नाही. एका बाहुलीवर मूठभर मोहरा मिळतात, तर खूप बाहुल्या नेल्या म्हणजे सगळी लंगोटीच हाती येईल, हा मुलानं सुचवलेला हिशेब तो उचलतो. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर समोर उभे राहतात.