एका छपराखालचे अनेक धनी

‘इन्क्युबेटर’ हा शब्द हल्ली आपल्या तरुण मुलांच्या तोंडी वारंवार ऐकू येतो. शब्द अंडी उबविण्याच्या पेटीचा. मग तंत्रज्ञानाचा नवा धंदा काढणाऱ्यांच्या सामाईक जागेला तो चिकटला कसा? गोष्ट मौजेची आहे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बटेव्हिया नावाचे एक गाव आहे. तेथील मॅसी-हॅरिस कंपनीचा शेतीयंत्रांचा अवाढव्य कारखाना बंद पडला आणि गावात बेकारी माजली. 1959 मध्ये मॅन्कुसो घराण्याने ती इमारत विकत घेतली. सबंध इमारत भाड्याने घेणारा कोणी मिळेना, तेव्हा जोसेफ मॅन्कुसो यांनी ती तुकड्यातुकड्यांनी लहान धंदेवाल्यांना दिली. कचेरीच्या सोयी सामाईक ठेवल्या, भांडवल उभारण्यास सल्लामसलतही दिली. भाडेकरूंत एक कंपनी कोंबडीची पिले उबविणारी होती. तिच्यावरून मॅन्कुसो थट्टेने इमारतीलाच इन्क्युबेटर म्हणू लागले, आणि नाव जगभर झाले. नव्या धंद्यांचे हे घरटे एका बंद कारखान्यात बांधले गेले, ही गोष्ट आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या मनातून जात नाही. 1982 च्या संपानंतर बंद पडत गेलेल्या आपल्या गिरणगावातही आज गिरण्यांच्या आवारांत काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेतच.

पवईच्या आय.आय.टी.त 2004 मध्ये ‘साईन’ ही संस्था निघाली. हुशार तरुणाजवळ कल्पना असते. पण जागा, यंत्र, वकील, हिशेबनीस यांतले काही नसते. ते सारे तेथे मिळते. शिवाय शेजारच्या टेबलावरचा माणूस काल कोठे अडखळला होता, हे आज आयते कळते. ह्याचे मोल भाड्याच्या पावतीवर लिहिलेले नसते.

हे आपल्याकडे नवे आहे काय? आमच्या डहाणू तालुक्यात चिंचणी-वाणगावकडे जाऊन पाहा. दागिन्यांचे डाय तेथे घडतात. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने उलटी नक्षी कोरायची. सराफाने त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठोकला की ती सुलटी उठते. एका पडवीत चार-पाच जण मान खाली घालून बसलेले आम्ही पाहिले आहेत. पोरगा आधी कानस चालवायला शिकतो, मग शेजाऱ्याचा हात पाहून नक्षीला हात घालतो आणि हात बसला की स्वतःचे बैठे मांडतो. ना चिमणी, ना धूर. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला आणि उद्योगांना 500 एकरांची मर्यादा पडली. मोठा कारखाना आणा, असे म्हणणाऱ्यांची वाट त्यामुळे अरुंद झाली. थोड्या जागेत पुष्कळ डोके चालविणारा धंदा मात्र येथे सहज मावेल.

आता आमची खरी तक्रार. सामाईक जागेत शंभर माणसे बसतात. पाणी एक, जिना एक, आग लागली तर पळायची वाटही एकच. पण मालक वीस. कोणाच्या पटावर चार, कोणाच्या सहा. 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहांपेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो आकडा वीसवर नेण्याचे ठरविले. म्हणजे शंभर माणसे डोळ्यांना दिसतात, कायद्याला एकही दिसत नाही! धंदा बुडाला तर मालकाला अनुभव मिळतो. पण तीन महिन्यांचा पगार अडकलेल्या पोराने कोणाचे दार ठोठवावे?

तलासरीकरांना हे कोडे अपरिचित नाही. वेठीने राबणारे वारलीही एका धन्याचे नव्हते. प्रत्येकाचा सावकार वेगळा, शेत वेगळे, मारही वेगळा. 23 मे 1945 रोजी झरी गावी सुमारे पाच हजार माणसे एकत्र बसली, आणि रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय कोणाच्याही जमिनीवर राबायचे नाही, असे ठरले. कोणाच्याही, हा शब्द महत्त्वाचा. गोदावरी व शामराव परुळेकरांनी बांधलेल्या त्या लढ्यात दर धन्यागणिक वेगळी मागणी नव्हती.

त्यांना तर छप्परही नव्हते. आमच्या मुलांना ते आयते मिळणार आहे. डहाणूत अशी इमारत उभी राहील तेव्हा मालक वीस असोत की चाळीस, दाराशी हजेरीवही एकच असावी आणि तीत सफाईवाल्या बाईचेही नाव असावे, एवढी मागणी आम्ही आजच नोंदवून ठेवतो.