ऑनलाइन मानसोपचार (खासगी थेरपिस्टकडील)

व्हिडिओ कॉल, फोन किंवा लेखी संदेश यांद्वारे प्रशिक्षित व्यक्तीने घेतलेली, ठरावीक वेळेची आणि ठरवलेल्या उद्देशाची मानसोपचार-सत्रे. बोलीत याला 'ऑनलाइन थेरपी' किंवा 'काउन्सेलिंग' म्हणतात आणि सत्राला 'सेशन'. ही नोंद स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या थेरपिस्टकडे प्रथमच जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीपुरती असून तीत मुख्यतः भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील परिस्थिती लक्षात घेतली आहे. प्रत्यक्ष भेटीत खोली थेरपिस्टची असते. दार तो बंद करतो, बाहेरचा आवाज तो अडवतो, घड्याळ त्याच्या नजरेसमोर असते. ऑनलाइन उपचारात ती खोली उभी करण्याचे काम क्लायंटवर येऊन पडते. सुरुवातीच्या बहुतेक अडचणींचे मूळ या एका बदलात सापडते.

पूर्वपीठिका : दुरून उपचार ही कल्पना इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. घोड्यांना घाबरणाऱ्या 'छोट्या हान्स'ची सिग्मंड फ्रॉइडची १९०९ सालची प्रसिद्ध केस बव्हंशी मुलाच्या वडिलांशी झालेल्या पत्रव्यवहारातून हाताळली गेली होती. कोलकात्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांचा फ्रॉइडशी संबंधही पत्रांचाच. मराठीत र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात (१९२७–१९५३) वाचक चारचौघांत विचारता न येणारे प्रश्न पत्राने विचारत आणि त्यांना छापील उत्तरे मिळत. तो मानसोपचार नव्हता. पण समोरासमोर जे ओठांवर येत नाही ते अंतर राखून सांगता येते, याचा तो आपल्याकडचा सबळ पुरावा आहे. अमेरिकेत नेब्रास्कातील मनोविकार संस्थेने १९५९ मध्ये दूरचित्रवाणीच्या बंद मंडलातून उपचार करून पाहिले. भारतात चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने २०१० पासून पुदुकोट्टई जिल्ह्यात फिरत्या बसमधून दूरमनोविकारसेवा दिली, तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही फोन व ईमेलवरची समुपदेशन सेवा सुरू केली. २०२० च्या टाळेबंदीत खासगी थेरपिस्टांना दवाखाने बंद करावे लागले आणि तोवर अपवाद असलेले व्हिडिओ-सेशन सर्रास झाले. दवाखाने उघडल्यावरही अनेकांनी ते सोडले नाही.

कोणाकडे जायचे : नवख्या माणसाची पहिली गल्लत इथे होते. मनोविकारतज्ज्ञ (सायकिअ‍ॅट्रिस्ट) हा डॉक्टर असतो आणि तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषधे देत नाही. त्याचे क्षेत्र मानसिक चाचण्या, निदान आणि बोलण्यातून उपचार हे आहे. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) असावी लागते. आजवरच्या बहुतेकांनी त्यासाठी दोन वर्षांचे एम.फिल. केलेले आहे. त्यापलीकडे समुपदेशक, मानसशास्त्रात एम.ए. केलेले थेरपिस्ट आणि काही आठवड्यांच्या प्रमाणपत्रावर 'कोच' झालेले लोक असा मोठा पसारा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये राज्य प्राधिकरणाकडील नोंदणीची तरतूद चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांच्यासाठी आहे. निव्वळ समुपदेशक त्या यादीत नाही. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञांनाही नियमनाच्या कक्षेत आणण्याची सोय केली. तरीही व्यक्तीची पात्रता तपासण्याचा भार अजून बराचसा क्लायंटवरच आहे. समुपदेशकांत उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत. म्हणून एकट्या पदवीवरून माणूस नाकारू नये. पण शिक्षण कुठे झाले, कोणत्या उपचारपद्धतीचे प्रशिक्षण घेतले आणि आज कोणा ज्येष्ठाच्या देखरेखीखाली (सुपरव्हिजन) काम चालते का, हे तीन प्रश्न विचारावेत. चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी दुखावत नाही. जो दुखावतो, त्याच्याबद्दल तेवढ्यातच बरेच कळते.

हमखास बरे करण्याचे आश्वासन, इतर क्लायंटांच्या कहाण्या सांगून केलेली जाहिरात, पहिल्याच फोनवर बारा सेशनचे पैसे आगाऊ मागणे, ही सावध होण्याची कारणे होत. ओळखीतल्या माणसाकडे, नातेवाइकाकडे किंवा एकाच वेळी आपल्या जोडीदारालाही स्वतंत्रपणे पाहणाऱ्या थेरपिस्टकडे सहसा जाऊ नये. छोट्या शहरांत हे टाळणे अवघड असते, आणि ऑनलाइन सेवेचा एक मोठा फायदा इथे दिसतो. सांगलीच्या किंवा परभणीच्या माणसाला नाशिकचा थेरपिस्ट मिळतो आणि अर्ध्या शहराशी असलेली ओळख आड येत नाही.

पहिल्या सेशनआधी : बहुतेक थेरपिस्ट दहा-पंधरा मिनिटांचा एक ओळखीचा कॉल ठेवतात. तो काही जण विनामूल्य देतात. त्यानंतर माहितीचा फॉर्म आणि संमतीपत्र येते. फॉर्ममध्ये सध्याचा त्रास, झोप, चालू औषधे, व्यसन, पूर्वीचे उपचार आणि संकटकाळी संपर्क करण्याच्या व्यक्तीचा क्रमांक विचारतात. हा शेवटचा रकाना पुष्कळ जण रिकामा सोडतात. ऑनलाइन उपचारात तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण थेरपिस्ट दुसऱ्या शहरात असतो आणि वेळ आल्यास दार ठोठावायला त्याला कोणीतरी लागते. याच कारणाने प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला 'आज कुठून बोलताय?' असे विचारले जाऊ शकते. ती चौकशी पत्त्याची असते, गप्पांची नव्हे.

सोबत प्रश्नावल्याही येतात. खिन्नतेसाठी पीएचक्यू-९ (नऊ प्रश्न, ० ते २७ गुण) आणि चिंतेसाठी जीएडी-७ (सात प्रश्न, ० ते २१ गुण) या सर्वाधिक वापरातल्या. गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे काही आठवड्यांनी त्याच प्रश्नावल्या पुन्हा भरून घेतल्या की बदल मोजता येतो, हा त्यांचा खरा उपयोग. पीएचक्यू-९ मधील नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. त्याचे खरे उत्तर दिले म्हणून कोणी लगेच रुग्णालयात पाठवत नाही. थेरपिस्ट त्यावर सविस्तर बोलतो.

संमतीपत्र मात्र सही करण्याआधी वाचावे. त्यात गोपनीयता आणि तिच्या मर्यादा दिलेल्या असतात. स्वतःच्या वा इतरांच्या जिवाला गंभीर धोका, न्यायालयाचा आदेश आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार, या परिस्थितीत माहिती बाहेर जाऊ शकते. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार अशा अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम २३ गोपनीयतेचा आणि कलम २५ स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क देते. सेशनचे रेकॉर्डिंग होते का, नोंदी कुठे ठेवल्या जातात, मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले चालेल का, हेही आधीच विचारून घ्यावे. मोठ्या अ‍ॅपमार्फत गेल्यास माहिती थेरपिस्टखेरीज कंपनीकडेही जाते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये 'बेटरहेल्प' या कंपनीला वापरकर्त्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी इतर कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून ७८ लाख डॉलर भरायला लावले. स्वतंत्र थेरपिस्टकडे असे जाहिरातीचे यंत्र नसते, पण त्याचा लॅपटॉप कुटुंबातल्या इतरांच्या हाती जातो की नाही, हा प्रश्न उरतोच.

जागा : महाराष्ट्रातल्या शहरी घरात बंद दार ही चैन आहे. दोन खोल्यांत पाच माणसे, पातळ भिंती आणि 'आत काय चाललंय?' म्हणून डोकावणारी आई किंवा सासू, अशा परिस्थितीत पन्नास मिनिटे मोकळेपणाने रडणे जमत नाही. त्यामुळे सेशन उभ्या केलेल्या गाडीत, गच्चीवर, सोसायटीच्या जिन्यात, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये किंवा हॉस्टेलची रूममेट क्लासला गेल्यावर घेतली जातात. थेरपिस्टांना याची सवय असते. काही व्यावहारिक उपाय उपयोगी पडतात. कानात हेडफोन असला की निदान एका बाजूचे बोलणे घरात पोचत नाही. दाराबाहेर पंखा किंवा गाणी लावता येतात. अवघड वाक्य बोलण्याऐवजी चॅटमध्ये टाइप करता येते. कोणी आत आल्यास विषय बदलण्यासाठी एखादे साधे वाक्य आधीच ठरवून ठेवतात. 'रिपोर्ट उद्या पाठवते' एवढे म्हटले की पलीकडचा समजतो. घरात मारहाण होत असेल तर ही खूण ऐच्छिक राहत नाही. पहिल्याच सेशनमध्ये ती ठरवावी आणि फोनमधला कॉलचा इतिहास पुसण्याचेही बोलून घ्यावे. चालती गाडी मात्र बहुतेक थेरपिस्ट मान्य करत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

खोलीबरोबर आणखी एक गोष्ट हरवते : प्रवास. दवाखान्यापर्यंतची लोकल किंवा रिक्षा मनाला तयार करते आणि परतीची वाट ते निवळू देते. ऑनलाइनमध्ये वडिलांच्या मृत्यूविषयी बोलून कॉल बंद केला की पुढच्या मिनिटाला कुकरची शिट्टी मोजायची असते. सेशनच्या आधी दहा आणि नंतर वीस मिनिटे मोकळी ठेवावीत असे थेरपिस्ट सांगतात ते यासाठीच. पडद्यावर स्वतःचा चेहरा सतत दिसणे हेही थकवणारे असते. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची जी चार कारणे मांडली, त्यांत हे एक होते. स्वतःची चौकट लपवण्याची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते.

पहिले सेशन : साधारण ४५ ते ६० मिनिटांचे. त्यात प्रश्न जास्त आणि उपाय कमी असतात. त्रास केव्हापासून आहे, मदत आत्ताच का घ्यावीशी वाटली, घरी कोण कोण आहे, झोप आणि भूक कशी आहे, या उपचारातून काय बदलावे असे वाटते. आपल्याकडे अडचण सांगितली की समोरच्याने सल्ला द्यायचा, अशी वडीलधाऱ्यांची रीत आहे. तिची सवय असलेल्याला थेरपिस्टचे 'तुम्हाला काय वाटतं?' हे उत्तर टाळाटाळीचे वाटते. पहिल्या सेशननंतर हलके वाटेलच असे नाही. जुने उकरल्यामुळे दोन दिवस बेचैनी वाढल्याचे अनेक जण सांगतात, आणि ते पुढच्या वेळी थेरपिस्टला सांगणे हा उपचाराचाच भाग असतो. याउलट काही जण पहिल्याच भेटीत इतके सांगून टाकतात की नंतर ओशाळतात. पडद्याआडून बोलताना संकोच गळतो. जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या परिणामाचे सविस्तर वर्णन केले. सगळे एका दिवशी सांगायचे बंधन नाही.

मराठीत बोलायचे की इंग्रजीत, हेही सुरुवातीला ठरते. व्यवहारात भाषा मिसळलेलीच असते. आईवरचा राग मराठीत येतो, लैंगिक विषय इंग्रजीत सरकतो. दोन्ही समजणारा थेरपिस्ट ही सरमिसळ ऐकून घेतो आणि भाषा कुठे बदलली याकडे लक्ष ठेवतो.

पद्धती आणि परिणाम : दोन-तीन सेशननंतर थेरपिस्टने उद्दिष्ट आणि मार्ग सांगायला हवा. बोधनिष्ठ वर्तनोपचारात (सीबीटी) घरचा अभ्यास असतो : विचारांची नोंद, टाळलेल्या गोष्टी थोड्या थोड्या करून पाहणे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकांना परिचित आहे, आणि ठाण्याच्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ (१९९०) सारख्या संस्थांनी मानसिक आरोग्याची भाषा मराठीत रुजवली. खिन्नता आणि चिंताविकारांत व्हिडिओवरून घेतलेली सीबीटी प्रत्यक्ष भेटीइतकीच उपयोगी पडते, असे संशोधनाचे एकंदर चित्र आहे. उद्दिष्टाविषयी एकमत, कामाविषयी एकमत आणि परस्परांतला बंध या तीन गोष्टींना एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचाराचा गाभा मानले. त्या जुळत नाहीत असे चार-पाच सेशननंतर वाटल्यास थेरपिस्ट बदलण्यात गैर काही नाही.

खर्च : मोठ्या शहरांत एका सेशनला साधारण हजार ते तीन हजार रुपये. विद्यार्थी आणि कमी उत्पन्न असलेल्यांसाठी काही जण सवलतीच्या जागा ठेवतात. विचारल्याशिवाय त्या सहसा कळत नाहीत. २४ तासांच्या आत सेशन रद्द केल्यास पूर्ण शुल्क घेण्याचा नियम अनेकांकडे असतो. २०१७ च्या कायद्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या धर्तीवरच संरक्षण द्यायचे आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असल्याने आठवड्याच्या सेशनचा भार खिशावरच पडतो.

मर्यादा : भ्रम-भास, तीव्र व्यसन, खाण्याचे गंभीर विकार किंवा आत्महत्येचा तातडीचा धोका असताना एकट्या ऑनलाइन थेरपीवर विसंबू नये; मनोविकारतज्ज्ञाची प्रत्यक्ष भेट लागते. खासगी थेरपिस्ट चोवीस तास उपलब्ध नसतो आणि तसा दावाही करत नाही. संकटाच्या वेळी १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक वापरावा. परदेशस्थ मराठी माणसापुढे वेगळीच अडचण असते. न्यू जर्सीत बसून पुण्याच्या थेरपिस्टशी मातृभाषेत बोलावेसे वाटते, पण अमेरिकेत परवाना राज्यनिहाय असतो आणि क्लायंट जिथे बसला आहे त्या राज्याचा नियम लागू होतो. म्हणून काही भारतीय थेरपिस्ट असे क्लायंट घेत नाहीत.

समाप्ती : उपचार कधी संपवायचे हे दोघांनी मिळून ठरवायचे असते, आणि शेवटची एक-दोन सेशन त्यासाठीच राखतात. प्रत्यक्षात ऑनलाइन क्लायंट पुष्कळदा न सांगता नाहीसा होतो, कारण लिंक न उघडणे दवाखान्यात न जाण्याहून सोपे असते. अशा वेळी थेरपिस्ट सहसा एक-दोन संदेश पाठवून फाइल बंद करतो. काही महिन्यांनी त्याच माणसाने पुन्हा वेळ मागितली तर जागा असल्यास ती मिळते. मधल्या गैरहजेरीचा जाब कोणी विचारत नाही, कारण मात्र विचारले जाते.